बडोद्याहून समुद्राला: हवा बदलती असताना सुट्टी कशी आखावी

बडोद्यात नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्या मोठ्या सुट्टीच्या आधी हमखास एक प्रश्न विचारतं: इथून सगळ्यांत जवळचा समुद्र कुठला? नकाशात उत्तर सोपं दिसतं. जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला, बडोद्यापासून साधारण ७५-८० किलोमीटरवर, जमीन संपते. मग एका रविवारी मुलांचे पोहण्याचे कपडे घेऊन गाडी निघते. तिथे गेल्यावर समोर असतो नजर जाईल तिथवर चिखल, आणि काही तासांनी त्याच चिखलावर चढलेलं गढूळ, जोराचं पाणी. मुलं हिरमुसतात.

अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे पाहिलेल्या माणसाला गुजरातचा किनारा पहिल्या भेटीत कळत नाही. मलाही कळला नव्हता. लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आले तेव्हापासून सासरच्या मंडळींबरोबर वर्षातून एकदा तरी आम्ही समुद्राला जातो. सासूबाईंना सोमनाथ-द्वारका प्रिय, मुलांना दीव, आणि मला वलसाडजवळचं तिथल गाव. या सगळ्या फिरण्यात हवेने आम्हाला पुष्कळदा फिरवलं. कधी नोव्हेंबरात पाऊस, कधी मे महिन्यात वाळू उडवणारा वारा. त्यातून जी रीत बसली ती इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती उपयोगी पडावी, एवढीच इच्छा आहे.

पायरी १: आधी कुठलं पाणी ते ओळखा

बडोद्याहून जाता येण्यासारखे समुद्र तीन प्रकारचे आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिलं खंभातचं आखात. मही नदी इथेच समुद्राला मिळते, आणि आपल्या विश्वामित्रीचं पाणीही ढाढर नदीतून याच आखातात जातं. आखात तोंडाशी रुंद आणि आत अरुंद, नरसाळ्यासारखं. त्यामुळे भरतीचं पाणी आत शिरता शिरता उंच उंच होत जातं. भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत १० मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. हे पाणी नुसतं चढत नाही, धावत येतं. म्हणून इथे जायचं ते दर्शनाला, पोहायला मुळीच नाही. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि दोनदा वर येतं. भावनगरजवळच्या कोळियाकला निष्कलंक महादेवाची पाच शिवलिंगं समुद्रात आत आहेत. ओहोटीला चालत जायचं आणि भरती लागण्याआधी परत फिरायचं. दोन्ही जागा बघण्यासारख्या आहेत, पण घड्याळ तिथल्या पाण्याचं, आपलं नव्हे.

दुसरा दक्षिण गुजरातचा किनारा: नवसारीजवळचं दांडी, वलसाडजवळचं तिथल, उदवाडा, नारगोल, आणि वापीहून दमण. वाळू काळसर, पाणी मातकट, आणि ओहोटीला समुद्र खूप मागे जातो. दिसायला हा किनारा कोकणाइतका देखणा नाही, पण नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. बडोदा ते वलसाड रेल्वेने साधारण दोनशे किलोमीटर, गाड्या भरपूर, अडीच-तीन तासांचा प्रवास. आदल्या रात्री आभाळ पाहून जायचं की नाही ते ठरवता येतं, आणि बिघडलंच तर त्याच संध्याकाळी घरी परतता येतं. बदलत्या हवेत ही सोय फार मोठी आहे.

तिसरा सौराष्ट्राचा उघडा किनारा: दीव, सोमनाथ-वेरावळ, माधवपूर, पोरबंदर, द्वारका आणि द्वारकेजवळचं शिवराजपूर. इथे थेट अरबी समुद्र. वाळू उजळ, पाणी निळं, भरती-ओहोटीतला फरक कमी, वेरावळकडे दोन मीटरच्या आसपास. दीवचा घोघला आणि शिवराजपूर या दोन्ही किनाऱ्यांना २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. मात्र हा रात्रभराचा प्रवास आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या गाड्या लगेच भरतात, आणि एवढ्या आधी हवेचा अंदाज कुणीच देऊ शकत नाही. म्हणून सौराष्ट्राला जाताना पुढच्या पायऱ्या जास्त काळजीने वाचाव्यात. कच्छचं मांडवीही याच गटातलं, पण ते आणखी लांब. (बडोद्यातही बाजारपेठेचं मांडवी आहे. घरात 'मांडवीला जाऊ' म्हटलं की आमच्याकडे कुणीतरी पिशवी घेऊन बाजारात निघतं, म्हणून 'कच्छचं मांडवी' असं पूर्ण नाव घ्यायचं.)

पायरी २: सुट्टी कोणती, त्यावर बेत

बडोद्यात मोठी सुट्टी दिवाळीची. धनतेरसपासून लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, अख्खं गुजरात फिरायला निघतं. दीव आणि द्वारकेत त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण, मिळाली तर भाव दुप्पट. पण गर्दीपेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. दिवाळी म्हणजे अमावास्या. अमावास्येला आणि पुढचे एक-दोन दिवस समुद्राला उधाण असतं. भरती फार वर येते आणि ओहोटी फार मागे जाते. त्यातून दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या सुमाराला लागते, म्हणून संध्याकाळी आपण मुलांना घेऊन पोहोचतो तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं आणि मधे चिखल. हेच लाभपाचम उलटून दोन-तीन दिवसांनी, अष्टमीच्या आसपास गेलात, तर तिथल-दमणला पाणी संध्याकाळी जवळ असतं, उधाण उतरलेलं असतं, आणि गर्दीही घरी परतलेली असते. शाळांना सुट्टी त्यानंतरही असते. आम्ही गेली कित्येक वर्षं असंच करतो.

नाताळ ते मकरसंक्रांत हा सगळ्यांत भरवशाचा काळ. आभाळ स्वच्छ, समुद्र शांत. कधीकधी मावठा येतो. हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाला इथे हाच शब्द आहे, आणि बडोद्याची मराठी माणसंही तोच वापरतात. पण तो एक-दोन दिवसांचा. सकाळी वारा बोचरा असतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

मे महिना वेगळा. बडोद्यात ४२-४३ अंश तापतं तेव्हा किनाऱ्यावर पारा कमी असतो, पण घाम वाळत नाही. दुपारनंतर नैऋत्येचा वारा जोर धरतो, महिना जसा सरतो तसा समुद्र खवळत जातो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर चालेल. शेवटच्या आठवड्यात, निदान सौराष्ट्राला, मी लहान मुलांना नेत नाही.

उरली श्रावणातली सातम-आठम. सौराष्ट्रात जन्माष्टमीची मोठी सुट्टी असते आणि नव्या माणसाला वाटतं, चला, पावसात समुद्र पाहू. पाहायला जरूर जा. पाण्यात उतरायचा विचार मात्र सोडा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन समुद्रस्नानावर बंदीचं जाहेरनामुं काढतं, आणि ते योग्यच आहे. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. माशांच्या विणीचा काळ हे त्यामागचं एक कारण, आणि खवळलेला दर्या हे दुसरं. जन्म ज्यांचा पाण्यावर गेला ती खारवा मंडळी बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात, तेव्हा आपण बडोद्याच्या सुरसागर तलावाच्या काठावर वाढलेल्यांनी काय ते समजून घ्यावं.

पायरी ३: अंदाज वाचायला शिका

आठवडाभर आधीपासून रोज दोनदा भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहायचा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. मोबाइलवर त्यांचं 'मौसम' ॲप आहे, विजेसाठी 'दामिनी' आहे. इशाऱ्याचे रंग चार. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे प्रशासन कामाला लागलं आहे, आपण घरात थांबा. माझा नियम असा: पिवळ्याला बेत बदलत नाही, पण पाण्यातला कार्यक्रम सकाळी उरकते. नारिंगी असेल तर जाणं पुढे ढकलते. लाल असेल तर विचारसुद्धा नाही.

आपण बडोदेकर आभाळ पाहतो, पाऊस किती पडणार ते विचारतो. साहजिक आहे. २०१९ चा जुलै आणि २०२४ चा ऑगस्ट या शहराने पाण्यात काढला आहे, आजवा सरोवर आणि विश्वामित्रीची पातळी आपल्याला पाठ असते. पण किनाऱ्यावर पावसापेक्षा वारा आणि लाटा पाहायच्या. रिमझिम पावसात शांत समुद्र असू शकतो, आणि लख्ख उन्हात खवळलेला. लांब कुठेतरी वादळ झालं की त्याच्या लाटा इथे येऊन आदळतात, आपल्या डोक्यावर ढगाचा ठिपकाही नसतो. लाटांच्या उंचीचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था देते. तोही पाहून घ्यावा.

अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दोन हंगाम, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे नेमक्या आपल्या दोन सुट्ट्यांच्या आगेमागे. वादळ शेवटपर्यंत वाट बदलू शकतं. जून २०१९ मध्ये 'वायू' वेरावळच्या बाजूला धडकणार म्हणून सगळी तयारी झाली, आणि ते ऐन वेळी समुद्रात वळलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर 'महा' दीवच्या रोखाने निघालं आणि किनाऱ्याला पोहोचण्याआधी विरलं. उलट १७ मे २०२१ च्या रात्री 'तौक्ते' दीव-ऊनाच्या पट्ट्यात पूर्ण ताकदीने आलं आणि आंब्याच्या बागा झोपवून गेलं. जून २०२३ चं 'बिपरजॉय' दहा दिवस समुद्रात रेंगाळून १५ तारखेला कच्छमध्ये जखौजवळ जमिनीवर आलं. त्या वेळी पश्चिम रेल्वेने सौराष्ट्राकडच्या पुष्कळ गाड्या रद्द केल्या होत्या. तेव्हा 'मागच्या वेळी काही झालं नाही' या हिशोबावर कधी जाऊ नये. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की सौराष्ट्राचा बेत रद्द करून घरीच फराळ खावा. रेल्वेने गाडी रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात.

बंदरावरचे वादळाच्या इशाऱ्याचे बावटे हाही एक शब्द कानावर पडेल. 'वेरावळ बंदरे त्रण नंबरनुं सिग्नल' असं गुजराती बातम्यांत येतं. हे क्रमांक १ ते ११ असतात. १ आणि २ म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. ३ म्हणजे बंदराच्या आसपासच सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. तीनचा बावटा असेल तर किनाऱ्यावर फिरणं ठीक, बोटीत बसणं नाही. त्याच्या वर गेला की गाव सोडायची तयारी करायची.

पायरी ४: किनारा निवडू नका, गाव निवडा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

काही वर्षांपूर्वी कार्तिक महिन्यात आम्ही सौराष्ट्रात अगदी वाळूवर असलेल्या एका ठिकाणी तीन रात्रींसाठी उतरलो होतो. आजूबाजूला झाडं, समोर समुद्र, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस सुरू झाला तो दीड दिवस थांबला नाही. वीज गेली. जेवणघराचं छप्पर गळत होतं. गावात जायला रिक्षा मिळेना. सासूबाईंचा संधिवात, जाऊबाईंचं तान्हं बाळ, आणि चार मुलं एका खोलीत. आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नव्हते म्हणून आम्ही तिथेच बसून राहिलो. ती तीन रात्रींची सुट्टी मुलं अजून विसरलेली नाहीत, आणि मीही नाही. त्यानंतर आम्ही समुद्रकिनाऱ्यावर राहत नाही, समुद्राकाठच्या गावात राहतो.

गाव असं हवं की समुद्र बंद झाला तरी दोन दिवस जातील. या कसोटीवर दीव फार उजवं आहे. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, सेंट पॉलचं चर्च, संग्रहालय, नायडा गुंफा, आणि फुदमचं गंगेश्वर, जिथे शिवलिंगांवर लाटाच अभिषेक करतात. 'खुकरी' या नौदलाच्या जहाजाचं स्मारकही तिथे आहे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समुद्रात बुडालेल्या त्या जहाजाची हकीकत मुलांना तिथे उभं राहून सांगावी. गावातच उतरा, नागोआच्या किनाऱ्यावर फक्त पोहायला जा.

सोमनाथला मंदिर दिवसभर उघडं असतं, आणि मुख्य मंदिराजवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ मंदिर आहे. मराठी माणूस कितीदा त्याच्यासमोरून न थांबता निघून जातो! तिथे दोन मिनिटं बसा. पाऊस जास्तच असेल तर प्रभासपाटणचं संग्रहालय आहे, आणि दिवसभर उसंत मिळाली तर जुनागढ करून येता येतं. गीरची सफारी मात्र १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते.

द्वारकेला जाताना मुलांना सांगा की द्वारका ते ओखा हा ओखामंडळ प्रांत आपल्या गायकवाडांचा होता. नवसारीही बडोदा संस्थानातलीच. द्वारकेचं मंदिर दुपारी बंद असतं, म्हणून पावसाचा दिवस असेल तर सकाळी दर्शन आणि दुपारी बेट द्वारका असं करावं. पूर्वी बेटावर जायला बोटच होती, आणि वारा सुटला की ती बंद पडायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाल्यापासून ही चिंता मिटली आहे. पोरबंदरला कीर्ती मंदिर आहे, ते गांधीजींच्या जन्मघराला लागून. आपलं बडोद्याचं, गायकवाडांच्या स्मृतीचं कीर्ती मंदिर वेगळं, हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

दक्षिणेकडे नवसारी-दांडी ही जोडी उत्तम. दांडीला ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं, त्याचं मोठं स्मारक २०१९ मध्ये झालं. नवसारीत १८७२ पासूनचं मेहेरजी राणा ग्रंथालय आहे. दमणला मोटी दमणचा किल्ला आणि त्यातलं बॉम जेसुस चर्च पावसात अधिकच सुंदर दिसतं. दमण-दीवला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिथे दारूबंदी नाही, गुजरातेत आहे. परत येताना गाडीत एकही बाटली ठेवू नये, नाक्यावर तपासणी होते आणि तो गुन्हा आहे.

पायरी ५: खोली घेताना

फोनवर तीन प्रश्न विचारा. हवेमुळे येता आलं नाही तर तारीख बदलून मिळेल का? वीज गेल्यावर जनरेटर आहे का? तळमजल्यावर पाणी शिरतं का? पहिल्याचं उत्तर लेखी घ्या, मोबाइलवरचा संदेशही चालतो. सगळे पैसे आधी भरू नका. सोमनाथ-द्वारकेला देवस्थानाची अतिथिगृहं आणि धर्मशाळा आहेत. साध्या आहेत, पण गावाच्या मध्यावर.

पायरी ६: भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात ठेवा

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि दोन भरत्यांमधे साडेबारा तासांच्या आतबाहेर अंतर असतं. एवढं कळलं की पहिल्या दिवशीची वेळ पाहून पुढच्या दिवसांचा बेत स्वतःच करता येतो.

कोकणातली जुनी माणसं तिथीवरून वेळ काढतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. दमण-तिथलला वेळ तासा-दीड तासाने पुढे जाते, तरी अंदाजापुरता हा हिशोब चालतो. खंभातच्या आखातात तो अजिबात लावू नका. पाणी आत पोहोचायला वेळ घेतं आणि सगळं गणित बदलतं. कावी-कंबोईला मंदिरात भरतीच्या वेळांचं पत्रक मिळतं. जाण्याआधी फोन करून त्या दिवसाची वेळ विचारूनच निघा.

तिथे एकदा आमचे मेहुणे फोटोसाठी ओहोटी लागलेल्या चिखलात वीस-पंचवीस पावलं पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. दोघांनी धरून ओढलं, चपला तिथेच राहिल्या. पाणी तेव्हा लांब होतं म्हणून निभावलं. पायऱ्या आणि बांधलेली वाट सोडून आखाताच्या चिखलात एक पाऊलही टाकू नये. गाडीचंही तेच. ओल्या वाळूवर गाडी नेण्याचा मोह सुरतेजवळच्या डुमसला, तिथलला अनेकांना होतो. चाक रुतलं की ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

पायरी ७: बॅग

छत्री घरी ठेवा, समुद्राच्या वाऱ्यात ती उलटते. प्रत्येकाला टोपीचा रेनकोट, आणि मागून पट्टा असलेल्या सँडल, कारण खडकांवर कालवांच्या धारदार शिंपा असतात. टॉर्च, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, थोडे रोख पैसे. दोन दिवस पुरतील एवढे थेपले, खाखरे, सुखडी आणि छुंदा, कारण बेसत्या वर्षापासून, म्हणजे दिवाळीनंतरच्या गुजराती नववर्षापासून, लाभपाचमेपर्यंत लहान गावांत खानावळी बंद असतात. एक छोटी बाटली खोबरेल तेलाची न विसरता घ्या. मे ते सप्टेंबर या काळात तिथल, नारगोल, दमणच्या वाळूवर डांबराचे काळे गोळे वाहून येतात. ते पायाला आणि कपड्यांना चिकटले की साबणाने निघत नाहीत, तेलाने निघतात.

पायरी ८: किनाऱ्यावर

पोहोचल्यावर पाण्याकडे धावू नका. दहा मिनिटं उभं राहून नुसतं पाहा. मुलांना हे अवघड जातं, पण त्यांनाही पाहायला शिकवा: लाटा कुठे फुटतात, पाणी कुठून परत जातं. सगळीकडे पांढरा फेस आणि मधेच एक शांत, गडद पट्टा दिसला तर नव्या माणसाला तीच सुरक्षित जागा वाटते. तीच सगळ्यांत धोक्याची. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून जोरात समुद्रात परत जात असतं. या ओढीत कुणी सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, दम संपतो. तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग आत वळायचं. बाहेर उभ्या असलेल्यांनी पोहता येत नसेल तर पाण्यात उडी टाकू नये, दोर, रिकामा कॅन, ट्यूब असं काही फेकावं आणि ११२ किंवा १०८ ला फोन लावावा.

ज्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत तिथे लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल बावटा असेल तर उतरायचं नाही. सोमनाथच्या आणि माधवपूरच्या किनाऱ्यावर बावटा असो नसो, पोहू नका. तळ एकदम खोल जातो.

मग गावातल्या माणसाला विचारा. गुजराती येत नसेल तरी दोन वाक्यं पाठ करा: "भरती केटला वागे छे?" आणि "दरियो केवो छे?" उत्तरात 'दरियामां करंट छे' असं आलं तर तो विजेचा करंट नव्हे. पाणी फुगलेलं आहे, लाटांना जोर आहे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य ऐकलं की त्या दिवशी वाळूत किल्ले बांधायचे. तिथलला एका टंडेल आजोबांना मी हे विचारलं तेव्हा समुद्र मला अगदी शांत दिसत होता. ते म्हणाले, "बेन, आजे बाळकोने दूर राखजो." तासाभरात आलेल्या लाटांनी बसायच्या कठड्यापर्यंत पाणी उडवलं. त्यांना काय दिसलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण तेव्हापासून विचारल्याशिवाय मी कुणाला पाण्यात सोडत नाही.

दिवसाची वाटणी अशी करावी: बोट, पोहणं, लांबचं चालणं हे सगळं सकाळी, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं. दुपार छपराखाली, किल्ला, संग्रहालय किंवा सरळ झोप. संध्याकाळ वाळूवर. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात ढग दुपारनंतरच जमतात, त्यामुळे हीच वाटणी पावसालाही जमते. गडगडाट ऐकू आला की, पाऊस नसला तरी, लगेच वाळू सोडायची. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. पक्की इमारत किंवा काचा लावलेली मोटार यांत बसायचं, नारळाच्या झाडाखाली किंवा चहाच्या टपरीत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास मोजायचा.

ढगाळ दिवशीही ऊन लागतं. वाऱ्यामुळे कळत नाही आणि रात्री मुलांची पाठ लाल होते. डोकं झाकून ठेवा, पाणी पाजत राहा. जेलीफिश चावली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

पायरी ९: परतताना

सुट्टीचा शेवटचा दिवस घरी काढता येईल असं परतीचं तिकीट घ्या. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून रविवारी रात्री खराब हवेत सौराष्ट्रातून गाडी हाकणारे लोक मी दरवर्षी पाहते, आणि दरवर्षी जीव घाबरा होतो. निघण्याच्या सकाळी गाडी धावते आहे का ते रेल्वेच्या चौकशीवर पाहा. घोघा-हजिरा फेरीने सुरतेकडे येणार असाल तर ती सुटणार आहे का ते फोनवर विचारा, वाऱ्यात ती रद्द होते. रस्ते बंद असल्याची शंका असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

घरी आल्यावर आधी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खारं पाणी पत्रा खातं. ओले कपडे पिशवीत ठेवून झोपू नका, सकाळपर्यंत वास धरतात. आणि मुलांनी गोळा केलेले शंख एकदा उलटे करून बघा. आत जिवंत खेकडा असतो कधीकधी, म्हणून खरं तर ते तपासणं किनारा सोडण्याआधीच करायचं.